रिओच्या धक्क्यावर उतरताना

खानापूर तालुक्यातील एका मातेचे पत्र गेल्या पंधरवड्यात आमच्या हाती आले. अक्षर वळणदार, मजकूर थोडका. थोरला मुलगा हॉटेलच्या कामाचे शिक्षण घेऊन प्रवासी बोटीवर भटारखान्यात लागला आहे. बोट नाताळानंतर दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याने फिरणार असून ब्राझील देशातील रिओ दि जानेरो बंदरात तिचा वारंवार मुक्काम आहे. "ते शहर चोरांचे आहे असे ऐकते. निघताना त्याच्या गळ्यात आजोबांच्या वेळची क्रूसाची सोनसाखळी घालणार आहे. आणखी कोणत्या सूचना त्यास द्याव्यात ते आपल्या सदरातून लिहावे," असा पत्राचा शेवट आहे.

साखळीचे उत्तर प्रथम देऊन टाकतो. बाई, साखळी घालू नका. बाकीचे सर्व पुढे येईलच. पण वाचता वाचता कोणी हाक मारली आणि अंक खाली ठेवावा लागला, तर एवढे एक वाक्य तरी ध्यानात राहावे.

सोन्याच्या किमतीचा प्रश्न येथे गौण आहे. रिओच्या रस्त्यावर गळ्यातील साखळी हिसकावणे हा चोरांचा जुना धंदा आहे, आणि साखळी गेली तर गेली, असे घरी बसून कोणीही म्हणेल. परंतु ही साखळी आजोबांची. आईने निघताना स्वतःच्या हाताने घातलेली. तिला कोणी हात घातला की मुलाचा हात आपोआप गळ्याकडे जाईल, मुठीत क्रूस घट्ट धरला जाईल; आणि समोरच्या पोराजवळ चाकू अथवा पिस्तूल असेल, तर त्या एका क्षणात नको ते घडून जाते. रिओचे पोलीस, रिओचे रहिवासी, तेथे वर्षानुवर्षे राहिलेले परदेशी, या सर्वांचे एका गोष्टीवर एकमत आहे: लुटारूस विरोध करू नये, तो मागेल ते द्यावे. तेव्हा मुलास विरोध करण्याची बुद्धी होईल अशी एकही वस्तू आपण त्याच्या अंगावर ठेवू नये, हे आमचे पहिले मागणे.

प्रस्तुत लेखक 2013 च्या जुलै महिन्यात जागतिक युवा दिनाच्या निमित्ताने काही तरुणांसमवेत त्या शहरी गेला होता. आठवडाभर थंडी व पाऊस. गुआराचिबा येथील ज्या मैदानावर मोठा मिस्सा व्हावयाचा होता तेथे गुडघाभर चिखल झाला, आणि सारा सोहळा कोपाकबानाच्या वाळूवर हलवावा लागला. तेथे लक्षावधी माणसांत आम्ही रात्र काढली आणि आमचे काही गेले नाही. गेले ते नंतर, भर दुपारी. त्याची हकिकत पुढे सांगतो.

गोव्याच्या वाचकांस रिओ हे नाव परके वाटण्याचे कारण नाही. नेपोलियनच्या फौजांपुढे समुद्रापार पळालेला पोर्तुगालचा दरबार 1808 साली या शहरात जाऊन राहिला, आणि 1821 पर्यंत गोव्याचा कारभार ज्या राजधानीच्या नावे चाले ती लिस्बन नव्हे, रिओ होती. आपला काजू मूळचा ब्राझीलचा. चावी, बटाटा, पाव हे शब्द तेथल्या बाजारात कानी पडले की आपला माणूस चमकून मागे पाहतो. ही ओळख गोड आहे खरी, पण तिच्यामुळे आपण घरीच आहोत असा भास होतो, आणि खेड्यातून गेलेल्या माणसास हा भास महाग पडतो. आपल्या वाडीत अनोळखी माणूस दिसला तर सारी वाडी त्याच्याकडे पाहते. तेथे अनोळखी माणूस आपणच असतो, आणि पाहणारे कोण आहेत हे आपणांस कळत नाही.

शहराची घडण समजून घेतल्यावाचून सूचनांचा उपयोग नाही. रिओत डोंगर समुद्रात उतरले आहेत. सपाटीवर श्रीमंतांच्या इमारती, आणि त्यांच्या डोक्यावर उतारावर गरिबांच्या वस्त्या. या वस्त्यांस फावेला म्हणतात. त्यांतील आद्य मानली जाणारी वस्ती प्रोविदेन्सिया टेकडीवर आहे. 1897 साली कानुदोसच्या लढाईतून परतलेले शिपाई सरकारने घरे दिली नाहीत म्हणून तेथे झोपड्या बांधून राहिले. लढाईच्या मुलखात फावेला नावाचे एक झुडूप असे, त्याचेच नाव पुढे वस्त्यांस पडले. प्रवासी बोटी जेथे लागतात त्या मावा चौकापासून ही टेकडी जवळच आहे. सांगण्याचे कारण इतकेच, की मुंबईत जसे बरे मोहल्ले एका बाजूस आणि वाईट दुसऱ्या बाजूस असे सरळ सांगता येत नाही, तसेच तेथेही आहे. एक वळण चुकले की शहर बदलते.

या वस्त्यांतील बहुतेक माणसे रोजंदारीची, कष्टाची, देवभीरू. त्यांवर राज्य मात्र अनेक ठिकाणी बंदूकधारी टोळ्यांचे चालते, आणि टोळ्या व पोलीस यांच्या गोळीबारात जे मरतात ते बहुधा तेथीलच गरीब तरुण असतात, प्रवासी नव्हेत. 23 जुलै 1993 च्या रात्री कांदेलारिया चर्चच्या आसपास उघड्यावर झोपलेल्या पोरांवर गोळ्या झाडण्यात आल्या व आठ जण ठार झाले. मारेकऱ्यांत पोलीस होते. पुढे बरोबर वीस वर्षांनी, त्याच तारखेस, त्याच शहरात युवा दिनाचा आरंभ झाला, आणि पोप फ्रान्सिस दोन दिवसांनी वार्जिन्या नावाच्या फावेलात जाऊन लोकांच्या घरात बसले. म्हणून मुलास सांगताना "ती चोरांची वस्ती" असे शिकवून पाठवू नका. तेथे वाट चुकून शिरू नये, एवढे पुरे. टेहळणीवर असलेले पोर येणारा कोण हे विचारीत बसत नाही.

वाट चुकणे ही गोष्ट थोरामोठ्यांचीही होते. 22 जुलै 2013 रोजी खुद्द पोपमहाशयांची लहानशी मोटार शहराच्या मध्यभागी चुकीच्या मार्गिकेत शिरून बसगाड्यांच्या रांगेत अडकली, आणि उघड्या खिडकीतून शेकडो हात आत आले. त्यांस ते आवडले. रक्षकांचा जीव मात्र खाली-वर झाला. इतरांचे दैव असे नसते. 2016 च्या डिसेंबरात दोन इटालियन प्रवासी मोटारसायकलींवरून ख्रिस्ताचा पुतळा पाहून परतत होते. सान्ता तेरेसा भागात ते नकळत एका फावेलात शिरले. एक जण गोळी लागून तेथेच मरण पावला. मोबाईलमधील नकाशा जवळची वाट दाखवितो. ती कोणाच्या ताब्यात आहे हे त्यास ठाऊक नसते. म्हणून मुलाने त्या शहरी स्वतः वाहन चालवू नये, आणि चालताना गल्ली निर्मनुष्य होऊ लागली की लाज न बाळगता आल्या पावली परतावे.

आता धक्क्यावरून त्याच्याबरोबर उतरू या. मावा चौक पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारला आहे. 2016 च्या ऑलिंपिक सामन्यांसाठी वरचा जुना पूल पाडून तेथे मोकळे पटांगण केले, 2015 च्या डिसेंबरात समुद्रकाठी एक मोठे नवे संग्रहालय उघडले, आणि पुढच्या वर्षी ट्राम सुरू झाली. दिवसा तेथे गर्दी असते व भीतीचे कारण थोडे. परंतु पाठीमागचा भाग कचेऱ्यांचा आहे. सोमवार ते शुक्रवार माणसांनी फुललेला असतो; कचेऱ्या सुटल्या की, आणि रविवारी व सणाच्या दिवशी तर दिवसभर, ओस. आपल्याकडे रविवार म्हणजे रस्त्यावर ओळखीची माणसे. तेथे व्यापारी पेठेतील रविवार म्हणजे बंद दारे आणि कोपऱ्यावर रिकामे बसलेले दोघे-तिघे.

आणि आपला मुलगा रविवारीच मिस्सासाठी उतरण्याची शक्यता अधिक! त्यास सांगा, चौकापासून थोड्याच पावलांवर टेकाडावर सान बेन्तो हा बेनेदिक्तीन साधूंचा मठ आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्थापलेला. बाहेरून साधा, आत सारे लाकूडकाम सोन्याच्या मुलाम्याने झळाळलेले, आणि रविवारी सकाळच्या मिस्साला ग्रेगोरियन गायन. तेथे जरूर जावे. पण दोघा-तिघा सोबत्यांसह जावे, आणि मिस्सा सुटल्यावर जुनी चर्चेस पाहत पेठेतून हिंडत न बसता ट्राम अथवा टॅक्सी धरावी.

कोपाकबानाला जावयाचे तर ट्रामने पेठेत येऊन भुयारी रेल्वे घ्यावी. 1979 पासून चालू असलेली ही गाडी स्वच्छ आहे, पहारा आहे, दिवसा तिच्याइतके सुरक्षित वाहन नाही. मुलींसाठी सांगतो, कारण बोटींवर आता आपल्या मुलीही आहेत: कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी एक डबा स्त्रियांसाठी राखीव असतो, 2006 पासून तसा कायदा आहे. कोपाकबानाच्या एका स्थानकास कार्देआल आर्कोवेर्दे असे नाव आहे. 1905 साली कार्डिनल झालेले हे गृहस्थ साऱ्या लॅटिन अमेरिकेतील पहिले कार्डिनल. त्या स्थानकावर उतरणाऱ्या किती जणांस हे ठाऊक असेल कोण जाणे!

समुद्रावर जाताना पोहण्याचे कपडे, एक चादर, थोडे सुटे पैसे, बस्स. रिओचा मनुष्य स्वतः असाच जातो, पायात रबरी चपला, हातात काही नाही. पिशवी वाळूवर ठेवून पाण्यात शिरणे म्हणजे ती दान करणे होय. गर्दीच्या दिवशी कधी कधी पोरांची झुंडच्या झुंड वाळूवरून धावत येते व हाती लागेल ते उचलून नेते. यास तेथे 'आरास्तांव' म्हणतात, म्हणजे ओढून नेलेले जाळे. 1992 च्या ऑक्टोबरात घडलेल्या अशा प्रकाराने हा शब्द देशभर गाजला. अशा वेळी बाजूस व्हावे, धावू नये. वाळूवरील फेरीवाल्याकडून काही घेतले तर रोख द्यावे. त्याच्या कार्डाच्या यंत्राची काच फुटलेली अथवा झाकलेली असेल तर कार्ड मुळीच देऊ नये. दहाच्या जागी हजार वळते होतात, ते घरी गेल्यावर कळते.

ख्रिस्ताच्या पुतळ्याचे दर्शन घेतल्यावाचून कोणी परतू नये. 1931 सालचा, 30 मीटर उंचीचा, सुमारे 710 मीटर उंच कोर्कोवादो शिखरावरचा. 1884 साली सुरू झालेली दातेरी रुळांची गाडी अजून वर नेते. रानातून एक पायवाटही आहे. तरुणांस पायवाटेचा मोह होतो. पण त्या वाटेवर चढणाऱ्यांस लुटल्याच्या घटना पुनःपुन्हा झाल्या आहेत. आगगाडीचे तिकीट काढावे.

आता फोन. साखळीची जागा आज त्यानेच घेतली आहे. रस्त्यावर उभे राहून फोनकडे पाहणारा मनुष्य रिओत ओळखू येतो, आणि सायकलवरून आलेले पोर तो हातातून काढून नेते. वाट पाहावयाची असेल तर दुकानात शिरून पाहावी. याहून महत्त्वाचे असे, की आपल्या मुलांच्या फोनमध्ये बँक असते, यूपीआय असते, साऱ्या महिन्याचा पगार असतो. ब्राझीलमध्येही 2020 पासून 'पिक्स' नावाने तसेच पैसे पाठविता येतात, आणि माणसास अडवून तेथल्या तेथे पैसे पाठवावयास लावणारे चोर निर्माण झाले. मोठा फोन बोटीवर कुलुपात ठेवावा. उतरताना जुना, स्वस्त, बँकेची कामे काढून टाकलेला फोन न्यावा. पारपत्र व सीडीसी नियमाने लागत नसेल तर बाहेर काढूच नये, जवळ बोटीचे ओळखपत्र व प्रती असाव्यात. सीडीसी गेले तर एक दिवस नव्हे, नोकरीच अडते.

एक गोष्ट आईने सांगण्यास अवघड आहे, ती वडिलांनी सांगावी. लापाच्या अथवा कोपाकबानाच्या उपाहारगृहांत अनोळखी व्यक्ती गोड बोलून शेजारी बसते, पेला देते अथवा आपल्या पेल्यात नकळत औषध टाकते. तेथील लोक या फसवणुकीस 'शुभ रात्री, सिंड्रेला' असे चेष्टेचे नाव देतात; चेष्टा मुळीच नाही. माणूस दुसऱ्या दिवशी जागा होतो तेव्हा सर्व गेलेले असते, आणि काही जण जागे होतच नाहीत. आपला पेला आपल्या डोळ्यांसमोर भरावा, टेबलावर सोडून उठू नये, सोडलाच तर तो पुन्हा तोंडास लावू नये. आणि एकट्याने कोणाच्या घरी जाऊ नये. असे काही घडले तर मुले लाजेने बोटीवरही सांगत नाहीत, मग उपचारास उशीर होतो. वडिलांनी आधीच म्हणून ठेवावे, की तू मला सांगितलेस तर मी रागावणार नाही.

यावरून ती राहिलेली हकिकत आठवली. आमच्यातील एक एकोणीस वर्षांचा मुलगा रस्त्याच्या कडेला फोटो काढीत होता. सायकलवरचे पोर आले, फोन घेतला, गेले. आम्ही "जाऊ दे, जाऊ दे" म्हणत असता हा त्याच्या मागे धावला. दोन गल्ल्या आत. तेथे चौघे उभे होते, आणि एकाने सदऱ्याचे टोक वर करून कमरेचे पिस्तूल नुसते दाखविले. पोर शहाणे, तसेच उभे राहिले आणि मागे वळले. परत आले तेव्हा ओठ पांढरे पडले होते. पोलिसांनी आधी चोराची चौकशी केली नाही, आधी यालाच झापले. रात्री मी विचारले, धावलास का रे? म्हणाला, "बाबांनी काजूच्या पैशांतून घेऊन दिला होता. घरी काय सांगू, एवढेच डोक्यात होते."

बाई, तो चोराच्या मागे धावला नव्हता. घरच्यांच्या तोंडाला भिऊन धावला होता. आपण गरिबीत वाढलेली माणसे. भांडे फुटले तरी मुलांस बोल लावतो, वस्तू जपण्यास शिकवितो, आणि ते योग्यच आहे. परंतु तीच शिकवण हाडीमाशी घेऊन मुलगा पिस्तुलासमोर उभा राहतो. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री, जेवणे झाल्यावर, घरातील सर्वांसमक्ष त्यास मोठ्याने सांगा: फोन गेला, पैसे गेले, घड्याळ गेले, तर जाऊ दे, आम्ही एका शब्दाने विचारणार नाही. हे मनात असणे वेगळे आणि त्याने ते कानांनी ऐकलेले असणे वेगळे.

रिओचे लोक खिशात थोडे पैसे निराळे ठेवतात, ते चोराचे. पन्नास-शंभर रेआल, लगेच हाती येतील असे. कोणी अडविले तर हात दिसतील असे ठेवावेत, खिशात हात घालण्यापूर्वी खुणेने सांगावे, सावकाश काढून द्यावे, चेहऱ्याकडे टक लावून पाहू नये. "पोजी लेवार" म्हणावे, म्हणजे "घेऊन जा". पाठलाग नाही, आरडाओरड नाही. मागाहून मदत हवी असेल तर हाक 'सोकोहू'. बारदेशातील सुकूर गावाचे नाव याच शब्दाचे, तेथल्या साहाय्यमातेच्या चर्चवरून पडलेले. पोलिसांचा क्रमांक 190, रुग्णवाहिकेचा 192. प्रवाशांसाठी निराळी पोलीस कचेरी लेब्लों भागात आहे. तेथे तक्रारीचा कागद करून घ्यावा, विम्यास व हरवलेल्या कागदपत्रांस तो लागतो. आपला राजदूतावास ब्राझिलिया येथे व महावाणिज्य दूतावास साओ पाउलो येथे आहे. दोन्हींचे क्रमांक कागदावर लिहून चपलेच्या पिशवीत वा खोलीत ठेवावेत, फोनमध्ये नव्हेत. बोटीवरील अधिकाऱ्यास मात्र पहिल्याप्रथम कळवावे.

काळोख पडण्यापूर्वी परतावे हे सांगावयास नकोच. जानेवारीत तेथे ऐन उन्हाळा, सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, एप्रिलात पावणेसहालाच.

क्रूस गळ्यात असावा असे वाटणे स्वाभाविक आहे. काळ्या दोऱ्यात ओवलेले ॲल्युमिनियमचे लहानसे पदक सदऱ्याच्या आत घालावे. ते मागण्याची तसदी कोणी घेणार नाही, आणि मागितलेच तर तेही द्यावे. आजोबांची साखळी देव्हाऱ्यापाशी टांगून ठेवा. रिओची घड्याळे आपल्यापेक्षा साडेआठ तासांनी मागे आहेत. मुलगा सायंकाळी पाचला बोटीवर परतला तर तुमच्याकडे रात्रीचा दीड वाजलेला असेल. आई झोपली असेल असे समजून मुले फोन करीत नाहीत. त्यास सांगून ठेवा, दीड वाजो की अडीच, चढलास की कर.